रात्रीच्या फाइली आणि बेवारस किल्ल्या: नागरी सहकारी बँकांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांची माननीय संचालक मंडळे व त्यांच्या लेखापरीक्षण समित्या

विषय: दूरस्थ सर्व्हरांमधील फाइलींची पासवर्डविना होणारी स्वयंचलित देवाणघेवाण आणि तिच्यावरील मंडळाची देखरेख



शाखेचे शटर खाली आले म्हणजे बँकेचा दिवस संपला असे होत नाही. डे-एंडची प्रक्रिया आटोपली की कोअर बँकिंग प्रणालीतून फाइली बाहेर पडू लागतात: नावे-जमेच्या सूचनांच्या फाइली प्रायोजक बँकेकडे जातात, एटीएम व्यवहारांच्या ताळमेळाचे अहवाल येतात, डेटाबेसची प्रत दुसऱ्या शहरातील आपत्कालीन केंद्राकडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डीआर साइटकडे, रवाना होते. या सगळ्या वाहतुकीच्या वेळी संगणकासमोर कोणीही बसलेले नसते. ठरलेल्या वेळी ठरलेली आज्ञा चालवणारी 'क्रॉन' नावाची सोय ती पार पाडते, आणि दोन सर्व्हर एकमेकांना ओळखून फाइल देतात-घेतात. ही ओळख पासवर्डने पटवू नये, किल्लीने पटवावी, हा तंत्रज्ञांचा सल्ला आता बहुतेक ठिकाणी मान्य झालेला आहे आणि तो योग्यही आहे. मात्र पासवर्डच्या जागी आलेल्या त्या किल्लीला नेमके काय करण्याची मुभा आहे हे फाइल स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर बांधून घातलेले नसेल, आणि ती किल्ली कोणाची व कशासाठी याची नोंद बँकेच्या दप्तरी नसेल, तर जोखीम कमी होत नाही, ती केवळ नजरेआड जाते. या पत्राचे सारे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

पासवर्ड का नको, हे आधी स्पष्ट होणे इष्ट आहे. स्वयंचलित कामात पासवर्ड टाइप करायला माणूस नसल्यामुळे तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो, आणि लिहिण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे ते काम करणारी स्क्रिप्टच असते. ती स्क्रिप्ट वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला पासवर्ड कळतो. स्क्रिप्टची बॅकअप प्रत, जुन्या सर्व्हरची न पुसलेली हार्ड डिस्क, दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्याचा लॅपटॉप, या सर्व ठिकाणी तो पोचतो. आणि आज्ञेच्या ओळीतच तो दिला असेल तर त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियांची यादी पाहणाऱ्या इतर वापरकर्त्यांच्याही तो नजरेस पडू शकतो. याहून वाईट परिणाम धोरणाच्या पातळीवर होतो. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा नियम अशा खात्याला लावला की त्या रात्री काम अडते, सकाळी प्रायोजक बँकेचा फोन येतो, आणि मग त्या खात्याला नियमातून कायमची सूट दिली जाते. परिणामी बँकेतला सर्वांत जुना पासवर्ड हा सर्वांत जास्त अधिकार असलेल्या खात्याचा असतो, आणि तो बदलण्याची हिंमत कोणी करत नाही.

पासवर्डविना स्वयंचलन ही कल्पना सुरक्षित स्वयंचलनाहून जुनी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. फाइल हस्तांतरणाचा पहिला संकेत, ज्याला पुढे एफटीपी म्हणून जग ओळखू लागले, तो एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते एमआयटीत गेलेले होते. त्या काळचे जाळे मूठभर संशोधन संस्थांपुरते होते, त्यामुळे पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा, वाचता येईल अशा रूपात जातो याचे कोणाला वावगे वाटले नाही. पुढे १९८०च्या दशकात बर्कलीच्या युनिक्समध्ये अशी सोय आली की एका लहानशा फाइलमध्ये दुसऱ्या यंत्राचे नाव लिहिले म्हणजे त्या यंत्रावरून येणाऱ्याला पासवर्ड विचारलाच जात नसे. सोय मोठी होती, पण विश्वास ठेवला जात होता तो केवळ नावावर. आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारण्यासाठी ज्या वाटा वापरल्या त्यांपैकी एक वाट हीच होती. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघड झाल्यावर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच, हा संकेत रचला. त्याला मिळालेले पोर्ट २२ क्रमांकाचे आहे, एफटीपीच्या २१ आणि दूरच्या यंत्रावर प्रवेश देणाऱ्या टेलनेटच्या २३ यांच्या बरोबर मधले, आणि त्याने पुढे या दोन्ही शेजाऱ्यांना बरेचसे हद्दपार केले ही गोष्ट मौजेची आहे. आज बहुतेक सर्व्हरवर चालते ती ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ मध्ये आणली. फाइलींच्या दोन प्रतींमधला फक्त फरक ओळखून तेवढाच पाठवणारे आरसिंक हे साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये तयार केले होते. रात्रीच्या फाइली आज बहुधा याच दोन साधनांच्या जोडीवर किंवा एसएसएचच्या पोटात चालणाऱ्या एसएफटीपीवर प्रवास करतात.

एसएसएचमधील किल्ली ही प्रत्यक्षात दोन मोठ्या संख्यांची जोडी असते. खासगी किल्ली जोडणी सुरू करणाऱ्या, म्हणजे येथे फाइल पाठवणाऱ्या, सर्व्हरवरच राहते. सार्वजनिक किल्ली स्वीकारणाऱ्या सर्व्हरवरील एका यादीत, म्हणजे 'ऑथोराइज्ड कीज' या फाइलमध्ये, एका ओळीत नोंदलेली असते. जोडणी सुरू झाल्यावर दोन्ही सर्व्हर त्या जोडणीपुरता एक अनन्य ओळख-आकडा ठरवतात, पाठवणारा सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने त्या आकड्यासह एका संदेशावर डिजिटल स्वाक्षरी करतो, आणि स्वीकारणारा सार्वजनिक किल्लीने ती पडताळून पाहतो. खासगी किल्ली जाळ्यावरून कधीच प्रवास करत नाही, आणि स्वाक्षरी त्याच जोडणीपुरती वैध असल्यामुळे वाटेत ती कोणी टिपली तरी दुसरीकडे वापरता येत नाही. नवी जोडी करायची तर आज 'ईडी२५५१९' हा प्रकार निवडावा, एवढी एक तांत्रिक शिफारस पुरे. ओपनएसएसएचमध्ये तो २०१४ पासून आहे आणि २०२३ पासून किल्ली बनवताना तोच आपोआप निवडला जातो.

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळते. अडचण यापुढे सुरू होते. माणूस वापरतो त्या खासगी किल्लीवर सांकेतिक वाक्याचे, म्हणजे पासफ्रेजचे, संरक्षण घालता येते, त्यामुळे फाइल चोरीला गेली तरी ती लगेच उपयोगी पडत नाही. रात्री दोन वाजता चालणाऱ्या कामासाठी हे वाक्य टाइप करायला कोणी नसते. सर्व्हर सुरू होताना ते एकदा देऊन किल्ली स्मृतीत ठेवणारा 'एजंट' वापरता येतो, पण मग वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की माणूस येईपर्यंत काम बंद राहते. वाक्य दुसऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवले तर पासवर्डचीच गोष्ट नव्याने सुरू होते. म्हणून व्यवहारात स्वयंचलित कामाची किल्ली बहुधा उघडी, पासफ्रेजशिवाय डिस्कवर पडून असते, आणि ज्याच्या हाती तो सर्व्हर त्याच्या हाती ती किल्ली, हे सत्य कोणत्याही शब्दांनी झाकता येत नाही. ते मान्य केले म्हणजे सुरक्षेचा भर आपोआप दुसऱ्या टोकाला सरकतो: किल्ली चोरीला जाणारच नाही अशी आशा धरण्याऐवजी, ती चोरीला गेली तरी तिने काय करता येईल हे स्वीकारणाऱ्या सर्व्हरने ठरवायचे.

ही मर्यादा घालण्याची जागा म्हणजे वर उल्लेखलेल्या यादीतील ती एक ओळ. बहुतेक ठिकाणी त्या ओळीत किल्लीचा प्रकार, लांबलचक अक्षरमाला आणि शेवटी कोणाचे तरी नाव, एवढेच असते, आणि अशा ओळीचा अर्थ असा होतो की ही किल्ली धारण करणाऱ्याने कुठूनही यावे, त्या खात्याच्या नावाने वाटेल ती आज्ञा चालवावी, आणि या सर्व्हरमधून पुढच्या सर्व्हरकडे बोगदा काढावा. अक्षरमालेच्या आधी चार शब्द लिहिले की चित्र पालटते. 'फ्रॉम' या पर्यायाने ती किल्ली कोणत्या आयपी पत्त्यावरूनच चालेल हे ठरते. 'रिस्ट्रिक्ट' हा एकच शब्द, जो २०१६ पासून उपलब्ध आहे, टर्मिनल, पोर्ट पुढे नेणे, एजंट पुढे नेणे अशा सर्व जादा सवलती एकदम बंद करतो. 'कमांड' या पर्यायाने किल्लीला एका आज्ञेशी जखडून टाकता येते. समोरून काहीही मागितले तरी सर्व्हर तीच आज्ञा चालवतो, आणि आरसिंकसोबत मिळणारी 'आरआरसिंक' ही छोटी स्क्रिप्ट येथे लावली की देवाणघेवाण एकाच फोल्डरपुरती, हवे तर केवळ वाचण्यापुरती किंवा केवळ लिहिण्यापुरती मर्यादित राहते. 'एक्स्पायरी-टाइम' हा पर्याय २०१८ मध्ये आला. त्यात लिहिलेल्या तारखेनंतर ती किल्ली आपोआप निकामी होते. ज्या बाहेरच्या पक्षाला फक्त एसएफटीपी लागते त्याच्या खात्याला एका फोल्डरच्या आत कोंडण्याची सोयही आहे, मात्र त्या वरच्या फोल्डरची मालकी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खात्याकडेच असावी लागते आणि इतरांना तेथे लिहिण्याची परवानगी असून चालत नाही. फाइल चढत नाही अशी तक्रार आली की घाईघाईने सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकण्याची जी सवय पडलेली असते, ती येथे जोडणीच बंद पाडते, आणि ते चांगलेच आहे.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते, ही गोष्ट याहूनही अधिक दुर्लक्षित राहते. स्वीकारणाऱ्या सर्व्हरचीही स्वतःची किल्ली असते, आणि पहिल्या जोडणीच्या वेळी तिचा ठसा दाखवून 'हा सर्व्हर खरा मानायचा का' असे विचारले जाते. माणूस बहुधा न वाचता 'यस' लिहितो. स्वयंचलित कामात तर हा प्रश्नच येऊ नये म्हणून तपासणी बंद करणारा पर्याय स्क्रिप्टमध्ये घातला जातो, आणि एकदा घातलेला तो पर्याय पुढच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये नकलून जातो. त्यानंतर वाटेत कोणी खोटा सर्व्हर उभा केला तर ग्राहकांची फाइल त्याच्याकडे निमूटपणे जाते. योग्य रीत अशी की दोन्ही बँकांच्या अधिकाऱ्यांनी तो ठसा फोनवर किंवा सही-शिक्क्याच्या पत्राने एकमेकांना कळवावा, तो स्क्रिप्टच्या खात्यात आधीच नोंदवावा, आणि ठसा बदललेला दिसला तर कामाने थांबून ओरड करावी. २४ मार्च २०२३ रोजी गिटहब या संकेतस्थळाने आपली आरएसए प्रकारची सर्व्हर-किल्ली बदलली, कारण तिचा खासगी भाग एका सार्वजनिक कोशात थोडा वेळ उघडा पडला होता; त्या दिवशी जगभरातली असंख्य स्वयंचलित कामे अडली. ज्यांची कामे अडली त्यांची मांडणी बरोबर होती, आणि जेथे तपासणीच बंद होती तेथे असा बदल कधी झाला हे कळण्याचा मार्गच नव्हता.

फाइल सुरक्षित पोचली म्हणजे पूर्ण पोचली असेही नव्हे. आरसिंक येणारा मजकूर आधी तात्पुरत्या लपलेल्या नावाने लिहितो आणि सर्व आल्यावरच खरे नाव देतो. साध्या एसएफटीपीत ही काळजी स्क्रिप्टनेच घ्यावी लागते, नाहीतर समोरची प्रणाली अर्धवट आलेली जमा-यादी उचलून प्रक्रियेत घालते. आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून कुलूप-फाइल लागते, आणि किल्ली नाकारली गेल्यास पासवर्डची वाट पाहत तिष्ठत न राहता काम ताबडतोब अयशस्वी व्हावे म्हणून 'बॅचमोड' हा पर्याय चालू ठेवावा लागतो. बॅकअपच्या बाबतीत दिशेचा विचार तर फारच मोलाचा आहे. मुख्य सर्व्हर आपली प्रत बॅकअप सर्व्हरकडे ढकलत असेल आणि त्याच्या किल्लीला तेथील जुन्या प्रती पुसण्याची मुभा असेल, तर मुख्य सर्व्हरवर रॅन्समवेअर घुसल्या रात्रीच बॅकअपही संपतो. बॅकअप सर्व्हरने स्वतः येऊन केवळ वाचण्याच्या किल्लीने प्रत ओढून न्यावी, ही रचना अधिक सुरक्षित आहे. तीतही बॅकअप सर्व्हर हे मोठे लक्ष्य बनते हे खरे, पण ते यंत्र इतर सर्व कामांपासून वेगळे ठेवणे हाती असते.

नोंदीचा प्रश्न मंडळाच्या अखत्यारीत थेट येतो. प्रत्येक शाखेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांची नोंदवही असते; किल्ली कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, बदली झाली तेव्हा कोणी कोणाला सोपवली, दुसरा संच कोणत्या बँकेत ठेवला, हे तपासनीस पहिल्याच तासात विचारतो. डेटाबेसची संपूर्ण प्रत बाहेर नेऊ शकणाऱ्या किल्लीबाबत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नोंद नसल्याची किंमत काय असते हे मे २००८ मध्ये दिसले. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ मध्ये झालेल्या एका चुकीच्या बदलामुळे जवळजवळ दोन वर्षे बनलेल्या किल्ल्या इतक्या अंदाज बांधता येण्याजोग्या निघाल्या की एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. दुरुस्तीची आज्ञा सोपी होती. कठीण होते ते अशा किल्ल्या कोणकोणत्या सर्व्हरच्या यादीत जाऊन बसल्या आहेत हे शोधणे, कारण सार्वजनिक किल्ली कोणत्याही यंत्रावर नकलता येते आणि डेबियन न वापरणारे सर्व्हरही त्यामुळे उघडे पडले होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वयंचलित एसएसएच प्रवेशावर जो स्वतंत्र अहवाल काढला, ज्याच्या लेखकांत स्वतः युलोनेनही होते, त्यातही अस्तित्वात असलेल्या किल्ल्यांची मोजदाद आणि विनामालक किल्ल्यांची विल्हेवाट यांवरच भर आहे.

पुरवठादाराचा मुद्दा येथे टाळता येत नाही. बहुसंख्य लहान बँका कोअर बँकिंग प्रणाली बाहेरच्या कंपनीकडून सेवा म्हणून घेतात, आणि सर्व्हरवरील खाती व किल्ल्या त्या कंपनीचे अभियंतेच घालतात. एखाद्या अभियंत्याने सोयीसाठी आपली वैयक्तिक किल्ली घातली आणि नंतर नोकरी सोडली, तर त्याचा प्रवेश त्याच्या राजीनाम्यासोबत जात नाही. पासवर्ड बदलला तरीही जात नाही, कारण किल्लीला पासवर्डशी काही देणेघेणे नसते. एकाच किल्लीने पुरवठादार आपल्या सर्व ग्राहक बँकांमध्ये शिरत असेल तर त्यातील एका बँकेची चूक सर्वांना भोवते. जुलै २०२४ च्या अखेरीस एका सामायिक तंत्रसेवा पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यामुळे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्याला तात्पुरते वेगळे काढले आणि वृत्तांनुसार सुमारे ३०० लहान बँकांचे किरकोळ व्यवहार खोळंबले. किल्लीचा त्या घटनेशी संबंध जोडण्याचे येथे कारण नाही, पण सामायिक पुरवठादाराचे संकट किती बँकांपर्यंत पोचू शकते याचे माप त्यातून मिळते. तयार व्यावसायिक उत्पादन विकत घेतले की ही चिंता मिटते असाही एक समज आहे. मे-जून २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल-हस्तांतरण उत्पादनातील त्रुटीचा फायदा घेऊन क्लॉप टोळीने जगभरातील असंख्य संस्थांची माहिती पळवली, यावरून त्या समजाची योग्यता ठरवावी.

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी काढलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत बँकांची चार स्तरांत विभागणी केली असून माहिती सुरक्षेची अंतिम जबाबदारी संचालक मंडळावर ठेवली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. एसएसएच सर्व्हर प्रत्येक यशस्वी प्रवेशाबरोबर वापरलेल्या किल्लीचा ठसा लॉगमध्ये लिहितो. प्रत्येक कामाला स्वतंत्र किल्ली आणि स्वतंत्र खाते असेल तर तो ठसा पाहून कोणते काम, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता आले हे काही मिनिटांत सांगता येते. पाच कामे, दोन पुरवठादार आणि तीन अभियंते एकाच किल्लीवर चालत असतील तर १८० दिवसांचे लॉग जपूनही ६ तासांत लिहिण्यासारखे काही हाती लागत नाही. किल्ल्यांची संख्या फार वाढली तर अल्पमुदतीची प्रमाणपत्रे देणारी यंत्रणा वापरता येते. ओपनएसएसएचमध्ये ती २०१० पासून आहे, आणि तीत प्रत्येक सर्व्हरवर याद्या सांभाळण्याऐवजी एकाच प्रमाणक किल्लीवर विश्वास ठेवला जातो. मात्र ती प्रमाणक किल्ली सांभाळण्याची शिस्त ज्या बँकेत नाही तिने आधी साध्या याद्याच नीट कराव्यात हे बरे.

म्हणून प्रत्येक मंडळाने आपल्या लेखापरीक्षण समितीमार्फत पुढील बैठकीपूर्वी एक तक्ता मागवावा: कोणत्या सर्व्हरवरील कोणत्या खात्याच्या यादीत कोणत्या ठशाची किल्ली आहे, ती कोणत्या कामासाठी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या आज्ञेपुरती, कोणाच्या जबाबदारीवर आणि कधीपर्यंत. असा तक्ता पहिल्यांदा करताना मालक न सापडणाऱ्या ओळी निघतील, आणि त्या तत्काळ पुसून टाकण्याचा मोह होईल, तो आवरावा. आधी अशा ओळीवर 'रिस्ट्रिक्ट' आणि पत्त्याची अट घालावी, लॉगमध्ये तिचा ठसा येतो का हे पाहावे, आणि वापर दिसला तर त्या पत्त्यावरच्या माणसाला गाठावे. महिनाभर शांत राहिलेली ओळ मृत आहे असे मानण्याची घाई मात्र करू नये, कारण काही कामे तिमाहीला एकदाच चालतात आणि काही फक्त ३१ मार्चच्या रात्री. अशी ओळ वर्षअखेर उलटेपर्यंत त्या अटींसह तक्त्यात 'मालक अज्ञात' या शेऱ्याने ठेवावी, आणि एप्रिलच्या बैठकीत तिचा निकाल लावावा.

कळावे.

सहकारी बँकिंग व संगणक सुरक्षेचा एक अभ्यासक